बांधाकडचा नमुना

माझ्या थोरल्या बहिणीच्या फुफ्फुसात दोन गाठी होत्या. त्यातल्या एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून मी निमगाव केतकीच्या भर बाजारात पेढे वाटले. दुसरी गाठ कॅन्सरची होती.

खरं तर सांगायचं ते एवढंच. पण एवढ्यावर तोंड मिटणारा माणूस मी असतो तर पेढ्यांपर्यंत वेळच आली नसती.

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात तीसेक वर्षं काढली. काम काय, तर कुणाचा ऊस तोडणीला आला ते ठरवायचं. त्यासाठी आमच्याकडे एक वीतभर नळी असायची. उसाला टोचा मारायचा, रसाचा थेंब नळीच्या काचेवर घ्यायचा, उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटायचा आणि आत दिसेल तो साखरेचा आकडा वहीत लिहायचा. नियम असा, की फडात चांगलं आत शिरायचं, पाच-सहा ठिकाणचे ऊस घ्यायचे, बुडख्याचा रस वेगळा, शेंड्याचा वेगळा. पण आत शिरलं की उसाची पाती हात, मान, कान सगळं कापतात. घामाने ते असं चुरचुरतं की रात्री जेवताना हात आमटीत घालवत नाही. म्हणून मी बांधाकडचा एक बरासा ऊस बघायचो, त्यालाच टोचायचो आणि अख्खा फड पास करायचो. शेतकरी चहा पाजायचा. एक-दोनदा आतला ऊस कच्चा निघाला, वरून बोलणी बसली, ती मी हवामानावर ढकलली. तर अशा शास्त्रीय तयारीनिशी मी रिटायर झालो आणि बारामतीत घर बांधून राहिलो.

अक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. निमगाव केतकीला तिचा पानमळा आहे. दाजी गेल्यापासून मळा भाचा बघतो, पण पानं निवडायला अजून अक्काच बसते. खाऊची पानं निवडणं हे सोपं काम वाटतं, पण नाही. अक्का प्रत्येक पान उलटं करते, बोट फिरवते, ठिपका दिसला की बाजूला टाकते. गंमत म्हणजे एवढ्या पानांत जन्म गेला, पण तिने कधी तंबाखूला हात लावला नाही. विडी तर लांबच. त्यामुळे तिला खोकला लागला आणि तो दोन महिने हटेना, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो चुलीच्या धुरावर, धुळीवर आणि फ्रीजच्या पाण्यावर टाकला. छातीचे वाईट रोग विड्या ओढणाऱ्यांना होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

इंदापूरला छातीचा फोटो काढला. त्यात काहीतरी दिसलं म्हणून बारामतीच्या एका दवाखान्यात मोठा स्कॅन केला. उजव्या फुफ्फुसात दोन गाठी. खालची लिंबाएवढी, बरगडीला लागून. वरची हरभऱ्याएवढी, खोल. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर दाखवलं आणि म्हणाल्या, "मोठीपर्यंत सुई नीट पोचते. तिचा आधी नमुना घेऊ. लहानीचं काय करायचं ते रिपोर्ट आल्यावर बोलू."

नमुना! सुई टोचायची, थेंबभर काढायचं, काचेवर घ्यायचं, नळीतून बघायचं. मला एकदम आपल्या खात्यातलं माणूस भेटल्यासारखं झालं. घरी जाताना गाडीत मी भाच्याला आणि अक्काला सगळं समजावून सांगितलं. "हे बघा, फड एक, माती एक, पाणी एक. एका उसाची साखर कळली की फडाची कळली."

भाचा गाडी चालवत होता. अक्का खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मर्दा, ही माजी छाती हाय. कारखान्याचा पलाट न्हाय."

मी हसलो. मला वाटलं, भ्यायलीय बिचारी.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. खिडकीवरच्या मुलीने पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, "काका, डॉक्टर चार वाजता येतात. भेटूनच जा." तेव्हा साडेबारा वाजले होते. मी बाकावर बसून पाकीट फोडलं. आमच्या अख्ख्या घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, म्हणजे निदान तसा समज मी तरी पसरवून ठेवलेला. पहिल्या पानावर बरंच काही होतं, त्यातलं मला कूर्चा आणि चरबी एवढं लागलं, आणि खाली ठळक अक्षरात, कॅन्सरचा पुरावा दिसत नाही. हॅमार्टोमा नावाची साधी गाठ. निरुपद्रवी. हा शब्द मी तीनदा वाचला. माझे डोळे भरून आले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसरं पानही होतं. त्यावर जेमतेम दोन ओळी होत्या. सह्या-बिह्या असतील म्हणून मी ते वाचलंच नाही.

आता खरं बोलतो. वाचलं नाही असं नाही, नजर गेली होती. "वरची लहान गाठ" एवढं दिसलं आणि मी पान झाकलं. चांगल्या बातमीनंतर आणखी काही ऐकायची माझी तयारी नव्हती. चार वाजेपर्यंत थांबलो असतो तर डॉक्टरबाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं असतं, म्हणूनच मी थांबलो नाही. शिवाय निमगावचा बाजार त्याच दिवशी होता. अर्धा तालुका तिथे भेटतो. एवढी बातमी घेऊन चार वाजेपर्यंत बाकावर बसणं माझ्यासारख्याच्या हातून व्हायचं नव्हतं.

दवाखान्यासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. "लॅमिनेशन करून मिळेल" अशी पाटी. मी रिपोर्ट दिला. दुकानदाराने विचारलं, "दोन्ही पानं वेगवेगळी करू?" मी म्हटलं, "एकातच घाला की, कशाला दोन करताय." त्याने पानावर पान ठेवलं आणि यंत्रातून काढलं. गरम, गुळगुळीत, चकचकीत. पुढून पहिलं पान दिसत होतं. मागून दुसऱ्या पानाची पाठ दिसत होती, कोरी. त्या दोन ओळी मधल्यामध्ये कायमच्या बंद झाल्या.

सणसरला मोटारसायकल थांबवून दोन किलो पेढे घेतले. निमगावात शिरलो तो थेट बाजारात. वांग्यांच्या ढिगापासून सुरुवात केली, चपलांच्या दुकानापर्यंत पेढे वाटत गेलो. "अक्काला काही नाही! साधी गाठ!" लॅमिनेट केलेला रिपोर्ट एका हातात वर धरलेला, जसा शाळेत निकालाचा कागद धरतात. मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "दोन गाठी म्हनत हुता न्हवं?" मी म्हटलं, "आबा, एकीला तपासलं, दुसरी तिचीच बहीण." आबाने पेढा तोंडात टाकला. विषय संपला.

अक्काला मी पेढा भरवला तेव्हा तिने विचारलं, "डाक्टरीन काय म्हनली?"

"काळजीचं कारण नाही म्हणाली," मी म्हणालो. डॉक्टरबाईंना मी भेटलोही नव्हतो.

आता जे सांगणार आहे ते पेढ्यांपेक्षा वाईट आहे. पेढे वाटणं मूर्खपणाचं होतं, आणि मूर्खपणावर मी पोट भरून हसू शकतो. ह्यावर हसता येत नाही.

पाच-सहा दिवसांनी मी बारामतीत आमच्या रिटायर मंडळींच्या कट्ट्यावर बसलो होतो. लॅमिनेशनची गोष्ट रंगात आली होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर म्हणून मीच माझा लिहिला होता. तीच मुलगी होती. "काका, पेशंटला घेऊन तुम्ही भेटायला आला नाहीत. दुसऱ्या गाठीची तपासणी राहिलीय, डॉक्टरांनी लवकर बोलावलंय."

मंडळी माझ्याकडे बघत होती. मी आवाज चढवला. "ताई, आमचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. मी स्वतः वाचलाय. पेशंटला उगीच घाबरवू नका." आणि फोन ठेवून मंडळींना म्हणालो, "बघा, एकदा माणूस सापडला की सोडत नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने मला टाळीही दिली. ती टाळी अजून हातावर आहे. त्यानंतर दोनदा फोन वाजला, मी उचलला नाही. अक्काला सांगितलं नाही, भाच्याला सांगितलं नाही.

तीन महिने गेले. अक्काचा खोकला काही जाईना. मी तिला रोज फोनवर ज्येष्ठमध सुचवत होतो. शेवटी भाचा कुणाला न विचारता तिला घेऊन थेट डॉक्टरबाईंकडे गेला. पुन्हा स्कॅन झाला. लिंबाएवढी गाठ लिंबाएवढीच होती, तिने काही म्हणजे काही केलं नव्हतं. हरभऱ्याएवढी होती ती बोराएवढी झाली होती. ह्या वेळी तिथे सुई घातली.

भाच्याचा फोन आला. "मामा, लहान गाठ वाईट निघाली. पुण्याला न्यायचंय. तुमच्याकडचा पहिला रिपोर्ट घेऊन या."

बस, एवढंच. ना "का", ना "कसं". फोन माझ्या हातातच होता. बायकोने विचारलं काय झालं, तर मी म्हणालो, रेंज गेली.

पुण्याच्या सर्जनसमोर आम्ही तिघं बसलो. त्यांनी रिपोर्ट मागितला. मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. ट्यूबलाइट त्यात लख्ख चमकली. सर्जननी तो पुढून वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "ह्याचं दुसरं पान?"

"आत आहे," मी म्हणालो.

"आत म्हणजे?"

"पहिल्याच्या मागे. आतल्या बाजूला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवरमधून कात्री काढली. कात्रीने प्लॅस्टिकची कड कापताना जो आवाज येतो, तो फार मोठा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती नखाने हळूहळू सोडवली आणि दुसऱ्या पानावरच्या दोन ओळी मोठ्याने, मराठीत, वाचल्या. वरची लहान गाठ तपासलेली नाही. तिच्याबद्दल संशय आहे, लवकर पुढची तपासणी करावी.

अक्का माझ्याकडे बघत नव्हती, ती कात्रीकडे बघत होती.

मग सर्जननी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून मला थोडं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. ते म्हणाले, एकाच फुफ्फुसात साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ शेजारी-शेजारी असू शकतात. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नसतो. लोक दोन्हीकडून फसतात. साधी सापडली की दुसरीही साधीच समजतात. नाहीतर एक वाईट निघाली की दुसरीही वाईट, म्हणजे रोग पसरला, असं धरून हातपाय गाळतात. "तुमच्या ह्या पहिल्या रिपोर्टचा उपयोग आहे. मोठी गाठ साधी आहे हे पक्कं माहीत असल्यामुळे आपण ऑपरेशनचा विचार करू शकतो."

मी चटकन मान वर केली. भाच्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. मी मान परत खाली घातली.

"आणि हे तीन महिने?" अक्काने विचारलं. हा प्रश्न विचारायची हिंमत फक्त तिची होती.

सर्जन म्हणाले, "आजी, तीन महिन्यांनी काय बिघडलं, ते आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि कदाचित बघितल्यावरही सांगता येणार नाही."

ऑपरेशन झालं. फुफ्फुसाचा वरचा भाग काढला, खालची लिंबाएवढीही त्याच वेळी सोलून काढली. छातीत छोट्या ग्रंथी असतात, त्यातल्या एकीत रोगाने पाय ठेवलेला निघाला. म्हणून पुढे सलाइनमधून औषधं. तीन महिन्यांपूर्वी त्या एका ग्रंथीत तो होता की नव्हता? मी सर्जनना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, माहीत नाही. त्यांनी "होता" म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. "नव्हता" म्हटलं असतं तर निदान नक्की कळलं असतं.

मधल्या काळात निमगावच्या बाजारातून जायची माझी छाती होत नव्हती. एकदा इलाज नव्हता, अक्काला फळं न्यायची होती. मिरचीवाल्या आबाने लांबूनच हाक मारली, "ओ सायेब! पेढं माघारी द्यायचं काय?" आजूबाजूचे हसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. त्याने मागून लगेच विचारलंही, "अक्काचं कसं काय हाय आता?" मी "बरं आहे" म्हणालो आणि मोसंबी न घेताच निघालो. मोसंबी घ्यायला परत मागे यावं लागलं, तेव्हा ते पुन्हा हसले.

औषधांच्या चार फेऱ्या झाल्या. अक्काचे केस गेले. डोक्याला घट्ट पदर बांधून ती ओसरीवर बसायला लागली. पानमळ्यात तिला जाता येत नाही, वेलांच्या दमट सावलीत दम लागतो. म्हणून भाचा पानं आणून तिच्यापुढे ओततो आणि ती निवडते. पूर्वी तासात व्हायचं ते काम आता दुपारभर चालतं. मध्येच थांबते, श्वास घेते, पुढचं पान उचलते.

फोनची गोष्ट मात्र माझ्या पोटातच होती. पेढे सगळ्यांना माहीत होते, लॅमिनेशन सगळ्यांना माहीत होतं, ते मीच चवीचवीने सांगायचो. माणूस आपली एक चूक झाकायला दुसरी पुढे करतो, तसं. फोन मात्र, कट्ट्यावरची मंडळी सोडली तर, फक्त मला आणि त्या मुलीला माहीत, असं मी धरून चाललो होतो. दर खेपेला ठरवून जायचो, आज सांगायचं. आणि चहा पिऊन, ज्येष्ठमध ठेवून परत यायचो.

परवा गेलो. भाचा बैलगोठ्याकडे होता. अक्का एकटीच होती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो, हाताला चाळा म्हणून पानं उचलून जुडी लावायला लागलो आणि पानांकडे बघतच बोललो.

"अक्का, दवाखान्यातून फोन आला होता. पेढ्यांनंतर. दुसऱ्या गाठीसाठी बोलावलं होतं. मी नको म्हणालो. चार लोकांसमोर शान मारायला. तुला सांगितलं नाही."

ती पानावर बोट फिरवत राहिली. "ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"फोनचं. फायलीत लिवलंय त्येनी. नातेवाइकाला फोन क्येला, रिपोट चांगला हाय म्हनला, येत न्हाय म्हनला. पोरानं पयल्याच दिवशी वाचलं, डाक्टरनीकडं. मला रस्त्यातच सांगितलं."

म्हणजे पुण्याला जायच्या आधीपासून. कात्रीच्या वेळी दोघांना माहीत होतं. ऑपरेशनच्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावरून खाली-वर धावपळ करत होतो, चहा आणत होतो, औषधं आणत होतो, तेव्हा माहीत होतं. एवढे महिने मी ज्येष्ठमध घेऊन येत होतो आणि ती दोघं मला चहा देत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"तू कवा बोलतूस त्ये बगत हुते." तिला दम लागला, ती थांबली. "पोरगं लई तापलं हुतं. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. तुज्या मामाला आत शिरायला वाईच येळ लागतुया. ल्हानपनापासनं त्येचं सगळं बांधावरनंच."

"चुकलं माझं," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा ते मी पुढे एकही विनोद न जोडता म्हणालो असेन.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

माफ केलं असं तिने म्हटलं नाही. मी वाट बघितली, तरी म्हटलं नाही. पुढच्या महिन्यात तिचा पुन्हा स्कॅन आहे. त्यात काय निघेल ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. दोघं पानं लावत राहिलो. मी एक जुडी पुरी केली, दोऱ्याने नीट बांधली आणि तिच्यापुढे ठेवली. चांगली दिसत होती. वरचं पान तर एकदम हिरवंगार, तकतकीत.

अक्काने जुडी उचलली, दोरा सोडला आणि पानं पंख्यासारखी पसरली. मधोमध दोन पानं ठिपक्यांची होती, आणखी एकाची कड सडलेली. तिने ती तिन्ही काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळा ढीग आपल्याकडे ओढून घेतला.

"तू पानी घिऊन ये जा मर्दा," ती म्हणाली. "निवडायचं काम तुज्यासारख्याचं न्हाय."